फोटोच्या कडा

आमच्या घराण्यात फोटोंचं काम माझ्याकडे आहे. कोणी दिलं, कधी दिलं, आठवत नाही. मास्तर माणूस, कॉम्प्युटर येतो, वर कोणाला नाही म्हणता येत नाही, एवढ्या तीन गुणांवर ते माझ्या गळ्यात पडलं आणि आता काही केल्या उतरत नाही. सौंसरात कोणाचं बारसं झालं, नागपूरला कोणाची वास्तुशांती झाली, की तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. "सर, फोटो नाही टाकले का जी अजून?" काम असलं की घरचे लोकही मला सर म्हणतात. एरवी मी नुसता भाऊ.

खरं सांगायचं तर मी थकलो आहे. शाळेतून आलं की चहाआधी फोन उघडावा लागतो. फोन सांगतो की जागा भरली. मग बसून पुसा. एकाच केकचे अठरा फोटो, अठराही हललेले. त्यातले सतरा पुसले की नेमका पुसलेल्यांपैकीच एक कोणाला तरी हवा असतो.

फोटो वाटायचे सगळे प्रकार मी करून पाहिले. आधी ग्रुपवर टाकायचो. ग्रुपवर फोटो बारीक होतो, त्याची फ्रेम करता येत नाही, अशी तक्रार आली. मग इंटरनेटवर अल्बम केला आणि त्याची लिंक दिली. अर्ध्या लोकांनी ती फसवणुकीची लिंक समजून उघडलीच नाही, उलट "अशा लिंकपासून सावध राहा" हा निरोप मलाच पाठवला. रामाकोन्याचा चुलतभाऊ शेतावर राहतो, तिथे नेटवर्क झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. पण त्याच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. म्हणून त्याच्यासाठी मी पेनड्राइव्ह भरतो, चिवड्याच्या डब्यात ठेवतो आणि डबा बसच्या कंडक्टरकडे देतो. तिकडे जेवणं झाली की अख्खा शेजार टीव्हीपुढे बसून आमची बारशी पाहतो. परतीच्या बसनं डबा येतो, त्यात कधी संत्री, कधी भेदरं, म्हणजे आमच्याकडचे टोमॅटो. पेनड्राइव्ह मात्र आठवण केल्याशिवाय येत नाही.

दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, माझ्या मुलीचं लग्न झालं. तेव्हा मी कमालच केली होती. पत्रिकेच्या मागच्या बाजूला क्यूआर कोड छापला. पाहुण्यांनी तो स्कॅन करायचा आणि आपापल्या फोनातले फोटो एकाच अल्बमात टाकायचे, अशी योजना. मला वाटलं होतं, माझं अर्धं काम पाहुणेच करतील. पाहुण्यांनी त्यात सकाळच्या शुभेच्छांची फुलं टाकली. एकानं विकायचा ट्रॅक्टर टाकला, चार बाजूंनी. लग्नाचे फोटो आले ते मुख्यतः बुफेचे.

फोटोवाल्याचे तीन हजारांवर फोटो वेगळेच होते. ते त्यानं पेनड्राइव्हवर दिले. मी ते कॉम्प्युटरवर घेतले आणि उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यांत घातली. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस मी. वहीला समास हवा, अक्षर ओळीत हवं, कडेला गिचमिड नको, हे हाताला लागलेलं. फोटोंचंही मी तेच केलं. कडेला कोणाचं कोपर येतं, कोणाची अर्धी पाठ, कोणाच्या हातातलं ताट. त्या सगळ्या कडा मी कापत गेलो. कापला की सेव्ह, कापला की सेव्ह. नवरी-नवरदेव बरोबर मध्ये आले, फोटो कसे स्वच्छ दिसायला लागले. बायको म्हणाली, "जसेच्या तसे द्या ना लोकांना." मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

त्याच फोटोंतले बारा निवडून मी कॅलेंडर छापलं. बारा महिने, बारा फोटो, घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लाल अक्षरांत. दिवाळीच्या फराळासोबत घरोघरी दिलं. इथे रुसवे-फुगवे सुरू झाले. जुलैत माझ्या साळ्याची पाठ आली होती, तो आठवडाभर बोलला नाही. माझ्या वहिनीचा डोळा मिटलेला, तोही जानेवारीत, म्हणजे वर्षाची सुरुवातच तशी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं व्याह्यांचंही आलं: आमच्या बाजूचे फक्त तीनच महिने कसे? मी कानाला खडा लावला. पण दोन महिन्यांत सगळ्यांच्या भिंतींवर कॅलेंडर लागलं आणि राग विरले. लोक घरी आले की दाखवायचे. मला बरं वाटायचं.

आता मुलाचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न आटोपल्यावरचा मुहूर्त. आमच्याकडे देवाला पत्रिका ठेवली की दुसरी पत्रिका बहिणीच्या घरी जाते. माझी एकच बहीण, मोठी. पांढुर्ण्याला दिलेली. जिजाजी जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा बी-बियाणांचं दुकान पाहतो, सून घर पाहते, ताई दोघांनाही पाहते. माझी मुलगी कॉलेजची दोन वर्षं तिच्याजवळच राहिली. आमच्यापेक्षा तिच्या हातची भाजी पोरीला जास्त आवडते, हे आमच्या घरात उघड आहे.

मी आणि बायको बसनं गेलो. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला. बायकोनं सुनेला हळद-कुंकू लावलं, ताईच्या हातावर अक्षता ठेवल्या, पत्रिका दिली. ताईनं पत्रिका न वाचता फळीवर ठेवली.

"हळदीच्या दोन दिवस आधीच ये," मी म्हणालो. "तुझ्याशिवाय काही होत नाही."

"पाहू," ती म्हणाली.

सख्खी बहीण भावाच्या घरच्या लग्नाला "पाहू" म्हणते, तेव्हा ती येत नसते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी उगाच भिंतीकडे पाहिलं आणि लक्षात आलं की भिंतीवर माझं कॅलेंडर नाही. किराणा दुकानाचं होतं, गणपतीचं. माझं कॅलेंडर कपाटामागे उभं होतं, गुंडाळी जशीच्या तशी, रबरसुद्धा काढलेलं नव्हतं. वर्ष संपत आलं होतं.

मला राग आला. घरोघरी मिरवलेली वस्तू माझ्या बहिणीच्या घरी कपाटामागे! "हे असं ठेवतात का, ताई? किती मेहनत केली मी यावर," मी बोलून गेलो.

ताई उठली. गुंडाळी काढली, रबर सोडलं आणि कॅलेंडर माझ्या मांडीवर ठेवलं.

"यात मी कुठी आहो ते दाखव मले," ती म्हणाली. "दाखव, मंग आत्ता लावतो भिंतीले."

मी पानं उलटली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. डिसेंबरपर्यंत गेलो आणि पुन्हा मागे आलो. ती नव्हती. साळ्याची पाठ होती, अल्बमात ट्रॅक्टर टाकणारा पाहुणा होता, ताई नव्हती. मी म्हणालो की बाराच फोटो ना शेवटी, बाकीचे घरी आहेत, त्यात तू असणारच. "असंन," ती म्हणाली आणि सुनेला कुकर बंद करायला सांगितलं.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. तीन हजार फोटो म्हणजे काय असतं, ते एकाच माणसाला शोधायला बसल्यावर कळतं. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी. माझी बहीण चार दिवस आधीपासून त्या मांडवात होती. हळद तिनं दळली होती. रुखवताची मांडणी तिची होती. आणि फोटोंत ती कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका फोटोच्या कडेला एक मनगट सापडलं. मनगटावर काळ्या पट्ट्याचं पुरुषी घड्याळ, हातात हळदीचं ताट. ते घड्याळ जिजाजींचं, त्यांच्यामागे ती वापरते. मनगटाच्या पलीकडे फोटो संपत होता. तो तिथे मी संपवला होता.

मग बाकीचे फोटो मी त्या नजरेनं पाहिले. जिथे जिथे कड कापली होती, तिथे ती असू शकत होती. मूळ फोटो काढून पाहावेत, तर मूळ नव्हतेच. कापलेले फोटो मी त्याच नावानं सेव्ह केले होते. तीस वर्षं पोरांना सांगतो की लिहिलेलं खोडण्याआधी दोनदा पाहा.

फोटोवाल्याचा पेनड्राइव्ह आठवला. तो चिवड्याच्या डब्यातून रामाकोन्याला गेला होता. चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, ते तं आम्ही पाहून घेतले ना सारे. मंग गणपतीत गाणे भराले पेनड्राइव्ह नव्हता, तं त्यातच भरले. आरत्या पाठवू का तुमाले?"

ग्रुपवर लिहिलं: "पोरीच्या लग्नातला ताईचा फोटो कोणाकडे असेल तर कृपया पाठवा." चार अंगठे आले. सहा नमस्कार आले. एका मावसभावानं स्वतःचाच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मागे पाहा, ताई असेल. मागे मांडवाचा खांब होता. मी रोज शाळेतून आलो की ग्रुप पाहायचो, आणि रोज तिथे दुसऱ्याच कोणाचा वाढदिवस चालू असायचा. इतके फोटो इतक्या लोकांना मी वाटले, आणि एका बाईचा एक फोटो मला सगळे मिळून देऊ शकत नव्हते. लग्नाला तीन आठवडे राहिले होते.

शेवटी फोटोवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान बसस्टँडजवळ आहे. तो दुसऱ्या लग्नाच्या तयारीत, बॅटऱ्या चार्ज करून राहिला होता.

"सर, दोन सीझन झाले," तो म्हणाला. "इतका डाटा कोण ठेवते? नवीन लग्न आलं की जुनं पुसा लागते."

मी ताईचं वर्णन केलं. घड्याळ सांगितलं. त्याला लगेच आठवलं.

"हो हो, त्या आत्याबाई. त्याइचा फोटो नसंनच सर. मी कॅमेरा फिरवला का त्या हटून जायच्या. 'माहा नको घेऊ बाबा, याइचे घे,' म्हणायच्या. मी दोन-तीनदा बोललो, या ना समोर. नाहीच आल्या."

लपवत नाही, ते ऐकून मला हायसं वाटलं. म्हणजे दोष माझा नव्हता. ती स्वतःच बाजूला झाली होती, मी फक्त कड कापली होती. विधवा बायका आमच्याकडे अशा आपणहून सरकतात. कोणी सांगावं लागत नाही, अशी माझी समजूत. रविवारी मी एकटाच पांढुर्ण्याला गेलो, काहीतरी जिंकून निघाल्यासारखा.

ताई ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसली होती. पौर्णिमा जवळ आली होती. सून आत होती, मुलगा दुकानात. मी बसलो, पाणी प्यायलो आणि बोललो.

"फोटोवाला भेटला होता. तो म्हणाला, तू स्वतःच बाजूला होत होती. मग माझ्यावर राग कशाचा?"

"होत होती," ताई म्हणाली. तिचे हात चालूच होते. "अन् काहून होत होती, ते नाही सांगतलं त्यानं?"

"नाही."

"तुह्या हातात माइक होता, भाऊ. हळद लागून राहिली होती. मी ताट घेऊन पोरीजवळ उभी. तू माइकवर बोलला, 'सुवासिनींनी समोर या, बाकीच्यांनी जरा मांगं व्हा, फोटो येऊन राहिला.' एकदा नाही, दोनदा बोलला. मी पाह्यलं, बाकीच्या कोण आहे म्हणून. बाकीच्या म्हणजे मी अन् तुह्या बायकोची मावशी. मावशी तं जेवाले बसली होती."

मला आधी आठवलंच नाही. मग आठवलं, आणि आठवलं ते सगळंच. ऊन चढत होतं, नवरदेवाकडची उष्टी हळद यायला उशीर झाला होता, बायका एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या होत्या आणि फोटोवाला म्हणत होता की सर, नवरी दिसत नाही. शाळेच्या मैदानावर जसा ओरडतो, तसाच मी माइक घेऊन ओरडलो होतो. कोणाला बोलतोय हे पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर फक्त फोटो होता.

मला वाईट वाटलं, एवढं लिहून भागत नाही. मला लाज वाटली. ती सरकली तेव्हा तिच्या हातातलं ताट कोणी घेतलं, तेही मला माहीत नव्हतं.

"मी मुद्दाम नाही बोललो, ताई."

"माहीत आहे मले. मुद्दाम बोलला असता तं भांडली असती तुह्याशी तठीच. पुऱ्या मांडवात भांडली असती."

ती उठून आत गेली. आली तेव्हा हातात तिचा फोन होता, मुलानं नवा घेतल्यावर तिला दिलेला, काचेला तडा गेलेला. तिनं डोळ्यांजवळ धरून काय काय दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला.

तिनं काढलेला फोटो होता. समोर नुसत्या पाठी. जरीचे पदर, गजरे, कोणाचं तरी उघडं राहिलेलं हूक. दोन खांद्यांच्या मध्ये बोटभर फट, आणि त्या फटीत माझी मुलगी. तोंडभर हळद, मान एका बाजूला वाकवलेली. समोर एवढ्या बायका असताना ती त्यांच्यामधून मागे पाहत होती. थेट माझ्या बहिणीकडे. माझ्याकडच्या तीन हजार फोटोंत तिच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. तिथे ती फोटोवाला सांगेल तशी हसत होती. इथे ती कोणाला तरी शोधून राहिली होती आणि ते माणूस तिला नुकतंच सापडलं होतं.

"मान वाकडी करकरून पाह्यलं तिनं मले," ताई म्हणाली. "म्हणून काढला."

"मग तिला पाठवला का नाही? दीड वर्ष झालं."

"पाठोता येत नाही मले."

"तर विचारायचं ना कोणाला! सून आहे, मुलगा आहे. मी आहे. अख्ख्या घराण्याला शिकवलं मी फोटो पाठवायला."

ताईनं वाती बाजूला केल्या.

"कोणाले विचारू? विचारलं असतं तं सांगा लागलं असतं, कुठी उभी राहून काढला ते."

आत कुकरची शिट्टी झाली, सुनेनं गॅस बारीक केला. मी तिच्याजवळ सरकलो आणि दाखवलं. हा बाण, तो दाबायचा. मग नाव शोधायचं. पोरीचं नाव तिनंच शोधलं, तिनंच दाबलं. पडद्यावरचं चक्र जरा वेळ गोल फिरत राहिलं, मग थांबलं.

"गेला?"

"गेला."

ती फोनकडे पाहत बसली. पोरीचा लगेच फोन आला, माझ्या फोनवर नाही, तिच्या. दोघी काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही. ताई जास्त ऐकतच होती. मध्येच म्हणाली, "हो, मीच. मांगं उभी होती ना मी, मंग तसाच येईन ना फोटो," आणि पदरानं नाक पुसलं. फोन ठेवून तिनं फळीवरची पत्रिका खाली घेतली, चष्मा लावून पहिल्यांदा वाचली.

"हळदीच्या दोन दिवस आधी येतो मी," ती म्हणाली. "पण भाऊ, आता ऐकून घे. यावेळी 'मांगं व्हा' म्हणशीन, तं मी मांगं नाही होणार. मी घरी निघून येईन, अन् हा फोन अठीच ठेवून येणार आहो, मांगून फोटो काढाचाच नाही मले."

मी हो म्हणालो.